वाचकांचे प्रश्न : महापुरानंतरची मदत

पावसाळ्याच्या तोंडावर या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठावरून आली आहेत, आणि काही त्या काठापासून दूर राहणाऱ्या पण तिकडे मदत पाठवू इच्छिणाऱ्या वाचकांची आहेत. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांचा अनुभव ताजा असल्यामुळे प्रश्न नेमके आहेत. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

आमच्या गृहनिर्माण संस्थेने २०१९ मध्ये कपडे आणि पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला ट्रक पूरग्रस्त भागात पाठवला होता. पुन्हा तशी वेळ आली, तर काय पाठवावे आणि केव्हा? — संस्थेच्या सचिव, पुणे

आपल्यासारख्या असंख्य संस्थांनी त्या ऑगस्टमध्ये मनापासून मदत केली आणि तिचा मोठा आधार झाला, हे आधी नोंदवते. मात्र पहिल्या आठवड्यात पाठवलेल्या सामानाचे काय होते, हे स्पष्टपणे सांगायला हवे. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेल्यामुळे वाहतूक कित्येक दिवस बंद होती आणि मदतीचे ट्रकही अडकून पडले. रस्ता खुला झाल्यावर ते सगळे एकदम आले, हमरस्त्यालगतच्या गावांत थांबले आणि तेथेच रिकामे झाले. शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीजवळ पंचगंगा कृष्णेला मिळते. तेथून खाली नदीच्या वळणांमध्ये अडकलेल्या आतल्या गावांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे एका गावाला पाच वेळा मदत मिळाली आणि दुसऱ्या गावाच्या वाट्याला एकदाही आली नाही, असे घडले. वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले. ज्या बाईचे घर छतापर्यंत बुडाले आहे, तिला दुसऱ्याची जुनी साडी निवडायला लावणे हा तिचा अवमान आहे, आणि त्या ढिगाची विल्हेवाट लावण्याचे काम शेवटी त्याच गावावर पडते.

पाणी चढत असताना आणि लोक निवारा केंद्रांत असताना शिजवलेले अन्न, पिण्याचे पाणी आणि औषधे यांची व्यवस्था प्रशासन आणि जवळची न बुडालेली गावे करतात, आणि ती त्यांनीच करावी, कारण तीच जवळ असतात. दूरच्या शहरातून येणाऱ्या मदतीची खरी गरज कुटुंबे घरी परतू लागतात त्या दिवसापासून सुरू होते. दार उघडल्यावर घरात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गाळ असतो, भिंती ओल्या असतात, धान्य कुजलेले असते, गाद्या चिखलाने जड झालेल्या असतात. त्या वेळी फावडी, घमेली, खराटे, गमबूट, रबरी हातमोजे, फिनेल, जंतुनाशक पावडर आणि जमल्यास भाड्याने घेतलेला चिखल उपसण्याचा पंप यांचे मोल फार असते. त्यानंतर चटया, ब्लँकेटे, स्वयंपाकाची भांडी, शेगडी, सौर कंदील, नवी अंतर्वस्त्रे आणि सॅनिटरी नॅपकिन लागतात. शेवटच्या दोन वस्तू मागायला स्त्रिया संकोचतात, म्हणून त्या न मागताच सामानात ठेवाव्यात आणि बाईच्याच हातून वाटाव्यात.

ट्रक भरण्यापूर्वी ग्रामपंचायतीला किंवा तहसील कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षाला फोन करून गावाचे नाव, कुटुंबांची संख्या आणि आधी काय पोहोचले आहे, एवढे विचारावे. एकच गाव घ्या, त्या गावातील प्रत्येक कुटुंबाला पुरेल एवढे द्या आणि गावाबाहेरच्या वस्तीला, मागासवर्गीय वस्तीला आणि शेतात राहणाऱ्या कुटुंबांना ते मिळाले का, हे स्वतः पाहा. देणाऱ्याने घेणाऱ्यासोबत छायाचित्र काढू नये. २०१९ मध्ये धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे चिकटवली गेली, तेव्हा लोकांना जो संताप आला, तो पूर्णपणे योग्य होता.

मी नदीलगतच्या भागात भाड्याने राहते. मागच्या पुरात घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली होते, पण पंचनाम्यात केवळ घरमालकांचे नाव आले आणि आम्हाला काहीच मिळाले नाही. भाडेकरूला मदतीचा हक्क नाही का? — एक वाचक, सांगली

हक्क आहे, आणि तो तुम्ही मागायलाच हवा. घराच्या पडझडीची भरपाई मालकाला मिळते, परंतु कपडे आणि भांडी यांच्या नुकसानीची मदत त्या घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबासाठी असते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांनुसार घर वाहून गेले, पूर्णपणे पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले, तर कपड्यांसाठी २,५०० रुपये आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी २,५०० रुपये प्रति कुटुंब देय आहेत. राज्य सरकार यात स्वतःची भर घालू शकते. २०१९ मध्ये ग्रामीण कुटुंबांसाठी १०,००० आणि शहरी कुटुंबांसाठी १५,००० रुपये, तर २०२१ मध्ये प्रति कुटुंब १०,००० रुपये सानुग्रह मदत जाहीर झाली होती. कुजलेले धान्य, बंद पडलेला फ्रीज, भिजलेली शिवणयंत्रे आणि बुडालेली मजुरी एकत्र मोजली, तर ही रक्कम फार अपुरी आहे. तरी ज्याला ती मिळत नाही, त्याच्यावर दुहेरी अन्याय होतो, म्हणून तिचा पाठपुरावा सोडू नये.

दोन दिवसांची ही अट लक्षात ठेवून पाणी घरात कधी शिरले आणि कधी उतरले, याची तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ धुऊन काढण्याआधी, घरातल्या सामानासह तिचे छायाचित्र घ्यावे. भाडेकरार असेल तर उत्तम. नसेल तर त्या पत्त्यावरचे आधार कार्ड, गॅसची नोंदणी, वीजबिल भरल्याची पावती, मुलांच्या शाळेतील पत्त्याचा दाखला आणि दोन शेजाऱ्यांचे लेखी म्हणणे जोडावे. पंचनामा करणारे पथक घरी आले की आपले नाव आणि कुटुंबातील माणसांची संख्या वाचून दाखवण्याची विनंती करावी आणि मगच सही करावी. नाव राहिले, तर तहसीलदारांच्या नावे अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी, कारण तोंडी तक्रारीची कोठेही नोंद राहत नाही.

असाच प्रश्न एका घरात दोन-तीन चुली असणाऱ्या भावांचा येतो. शिधापत्रिका एक असली की कार्यालय त्यांना एकच कुटुंब धरते. अशा घरांनी पावसाळ्याआधीच शिधापत्रिका विभक्त करून घ्यावी, कारण पुरानंतर गावच्या तलाठ्यासमोर शेकडो अर्ज असतात आणि त्या गर्दीत घरचा हिशेब समजावून सांगायला कोणालाच उसंत मिळत नाही.

निवारा केंद्रात तान्ह्या बाळांसाठी दूध पावडरीचे डबे वाटायला येतात. ते घ्यावेत का? आणि विहिरीचे पाणी केव्हा प्यावे? — एक आशा स्वयंसेविका, सांगली जिल्हा

बाळांसाठीचे दूध पावडरीचे डबे आणि दुधाच्या बाटल्या सरसकट वाटू देऊ नका. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने शिशुदुग्धपर्याय आणि दुधाच्या बाटल्या फुकट वाटण्यास मनाई केली असून अपवाद केवळ अनाथालयांचा आहे. यामागचे कारण पूरग्रस्त गावात लगेच लक्षात येते : स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळायला इंधन नाही, आणि चार दिवस पावडर दिली की आईचे दूध कमी होऊ लागते. आईला पोटभर जेवण, पाणी, आडोसा आणि झोप मिळाली, तर भेदरलेल्या अवस्थेतही ती बाळाला पाजू शकते. पूर पाहिल्यावर दूध आटते, हा समज सासूबाईंपासून शेजारणींपर्यंत सगळ्यांनाच असतो, आणि तो दूर करायला तुमच्याइतके योग्य माणूस गावात दुसरे नाही. ज्या बाळाची आई दगावली आहे किंवा आजारी आहे, त्याच्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली स्वतंत्र व्यवस्था करावी आणि दूध बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे.

विहिरीबाबत नियम कडक ठेवा. पुराचे पाणी जिच्यात शिरले, ती विहीर उपसून, गाळ काढून, तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय आणि जलसुरक्षकाने ओटी चाचणी घेतल्याशिवाय तिचे पाणी पिऊ नये. चाचणीत पाण्याला पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन आहे. तोपर्यंत टँकरचे पाणीसुद्धा उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून वापरावे. मात्र पाण्याला डिझेलचा किंवा कीटकनाशकाचा वास येत असेल, तर उकळून ते सुरक्षित होत नाही, ते टाकूनच द्यावे. चिखल उपसणाऱ्यांच्या पायांना जखमा असतील, तर त्या झाकून गमबूट घालायला सांगा. चिखलातून काम केल्यानंतर ताप आला, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) शक्यता धरून त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.

घरच्यांना बाहेर काढतो, पण म्हशी सोडून मला जाववत नाही. काय करावे? — एक दूध उत्पादक, शिरोळ तालुका

आपली ओढ समजते. ज्यांचा महिना दुधाच्या बिलावर चालतो, त्यांना जनावर सोडून या असे सांगणारा अधिकारी त्यांच्या घराचे अर्थकारण समजून घेत नाही. म्हणून मी जनावरे आधी हलवण्याचाच सल्ला देईन, पण वेळेवर. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी आहे, तर सांगलीत आयर्विन पुलाजवळ त्या अनुक्रमे ४० आणि ४५ फूट आहेत. आपल्या गावचा रस्ता किती फुटांना बंद होतो, हे आपल्याला या आकड्यांपेक्षा अचूक माहीत असते. त्याच्या दोन-तीन फूट आधीच जनावरे पै-पाहुण्यांच्या गावी किंवा छावणीत न्यावीत. इशारा पातळी गाठल्यावर टेंपो शोधायला निघालो, तर टेंपो मिळत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि अनेक जीव गेले. त्यात लहान मुले होती. शेवटच्या क्षणी खच्चून भरलेली नाव किती घातक ठरते, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्या यांची लस टोचून घ्या, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक वहीत उतरवून ठेवा आणि सुकी वैरण उंचावर रचा. भिजून बुरशी आलेली वैरण जनावराला देऊ नये. जनावर दगावलेच, तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला आणि पंचनामा घेतल्याशिवाय पुरू नका. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांनुसार दुधाळ म्हशीसाठी किंवा गाईसाठी ३७,५०० आणि ओढकाम करणाऱ्या बैलासाठी ३२,००० रुपये मिळतात. म्हशीच्या बाजारभावाशी या रकमेची तुलना करू नये, इतकी ती कमी आहे. अगदी निघायला उशीर झालाच, तर दावी सोडून द्या. मोकळे जनावर पोहू शकते, बांधलेले मरते.

भिजलेल्या कागदपत्रांचे आणि मुलांच्या पुस्तकांचे काय करावे? — एक शिक्षक, करवीर तालुका

भिजलेले कागद उन्हात टाकू नयेत. कोऱ्या कागदांमध्ये ठेवून सावलीत वाळवावेत. सातबारा आणि आधार यांच्या प्रती ऑनलाइन मिळतात, आणि शिधापत्रिकेची दुय्यम प्रत तहसील कार्यालयातून मिळते. चिखलाने माखलेल्या नोटा बँकेत बदलून मिळतात. पाठ्यपुस्तकांची मागणी शाळेमार्फत एकत्रच नोंदवावी. आपल्या शाळेत निवारा केंद्र असेल, तर ते बंद होण्याची वाट न पाहता मंदिराच्या ओवरीत किंवा समाजमंदिरात रोज दोन तास मुलांना एकत्र बसवावे. त्यातून मुलांना धीर मिळतो, आणि घरातला गाळ काढणाऱ्या आईवडिलांना तेवढा वेळ निर्धास्तपणे काम करता येते.

आम्ही परदेशातील मराठी मंडळातर्फे निधी गोळा करतो. तो कसा आणि कशासाठी द्यावा? — मंडळाचे कार्यकर्ते, अमेरिका

आधी कायद्याची बाजू पाहावी. आपल्यापैकी ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची आणि मंडळाची देणगी मात्र तशी ठरते, आणि ती केवळ परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणून जी संस्था गावात प्रत्यक्ष काम करते, तिच्याकडेच ही नोंदणी आहे का, हे तपासून घ्यावे.

निधी कशासाठी द्यावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. पंचनाम्यात घर येते, पीक येते, जनावर येते, २०२१ च्या मदतीत दुकानदार आणि टपरीधारकही आले. पण जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि जी ऑगस्टमध्ये भांगलणीला, म्हणजे शेतातले तण काढायला, जाऊन घर चालवते, तिची बुडालेली मजुरी कोठेही लिहिली जात नाही. सोयाबीन आणि भुईमूग कुजले की काढणीची मजुरीही जाते, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरही कोरडे जातात. ऊस उत्पादकाची अडचण त्याहून उशिरा येते, कारण पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांत) गाळ शिरलेल्या उसाचे वजन आणि साखरेचा उतारा घटल्याचे त्याला पुढच्या हंगामाच्या बिलात कळते. आपला निधी पहिल्या आठवड्यात संपवू नका. त्यातून गावचे रस्ते, शाळा, अंगणवाडी आणि विहिरी साफ करण्याच्या कामावर भूमिहीन कुटुंबांतील स्त्री-पुरुषांना समान रोजाने, निदान दिवाळीपर्यंत काम द्यावे. रोजंदारी दर आठवड्याला थेट त्या-त्या व्यक्तीच्या खात्यात जमा व्हावी आणि कामावर आलेल्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली जावी, एवढ्या दोन अटी आपण देणगी देतानाच घालाव्यात.