वाचक विचारतात: चार महिने उभं असलेलं इंजिन

प्रश्न: काका, वडिलांची १९६८ची महिंद्रा सीजे-३बी जीप आम्ही घरीच बांधतोय. पेट्रोलचं हरिकेन इंजिन आहे. क्रँक २० अंडर (इंचाचे वीस हजारांश भाग कमी) ग्राइंड केला, बेअरिंगं नवी घातली. इंजिन बांधून ठेवून चार महिने झाले, ते अजून सुरू केलं नाही, कारण बॉडीचं काम लांबलं. आता गावातले मिस्त्री म्हणतात, चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) ऑइल भर आणि सेल्फ मार, ऑइल आपोआप वर चढतं. मी एका व्हिडिओत डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा भाग) काढून ड्रिल मशीनने ऑइल पंप फिरवताना पाहिलं. आमच्या जीपला ते चालेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: सेल्फ मारू नका. ड्रिलही लावू नका.

आधी ड्रिलचं सांगतो. तुम्ही पाहिलेलं इंजिन बहुधा अमेरिकन व्ही-८ असणार. त्यात कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) फिरणारा गिअर डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर असतो. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला की खाली पंप मोकळा राहतो, मग तो ड्रिलने फिरवता येतो. तुमच्या जीपमध्ये उलटं आहे. गिअर पंपाच्याच दांड्यावर आहे, तो कायम कॅममध्ये अडकलेला असतो, आणि डिस्ट्रिब्युटर त्या दांड्याच्या खाचेत बसून फिरतो. तिथून ड्रिल लावाल तर अख्खं इंजिन फिरवायला जाल आणि गिअरचे दात घालवाल.

आता आपोआप चढण्याचं. हा पंप ब्लॉकच्या बाहेर, बाजूला लावलेला असतो. चेंबरमधलं तेल त्याला वर ओढावं लागतं. पंप कोरडा असेल तर तो हवाच घुसळत बसतो. बांधताना बेअरिंगला लावलेलं तेल चार महिन्यांत बरंचसं ओघळून गेलेलं असणार.

१९८४ साली मी एका शेतकऱ्याची अशीच जीप बांधली होती. रात्री नऊला स्टार्ट केली. ऑइल प्रेशरचं गेज हललं नाही. गेज मेलं असेल असं समजून मी गाडी तीन मिनिटं चालू ठेवली. मग खालून कोरडा खडखड आवाज आला. चेंबर उतरवला तर मधल्या मेन बेअरिंगची पांढरी कल्हई पुसून खालचं तांबं दिसत होतं. तो बेअरिंगचा शेल अजून माझ्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. नवीन पोराला पहिल्या दिवशी मी तो हातात देतो.

तुम्ही असं करा. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतला फिरता रोटर कुठे बघतोय याची डिस्ट्रिब्युटरवर खूण करा आणि पंप काढा. ही खूण चुकली तर पंप बसवताना एक दात पुढेमागे होतो आणि टायमिंग बिघडतं. पंपाचं झाकण उघडून आत पांढरं व्हॅसलीन ठासून भरा. चाकाचं ग्रीस नको, ते तेलात नीट विरघळत नाही. झाकणाचं गॅस्केट मात्र कंपनीच्या जाडीचंच हवं. त्या पातळ कागदावरच पंपाच्या आतल्या रोटरची फट ठरते. आपल्याकडे ते जाड पुठ्ठ्याचं कापतात आणि मग महिनोन्‌महिने प्रेशर का लागत नाही ते शोधत बसतात.

पंप बसला की प्रेशरने तेल भरायचं. मी हाताने हवा भरायचा औषध फवारणीचा पंप वापरतो. तो कोरा करकरीत नवा घ्या, औषधाचा वापरलेला अजिबात नको. ऑइल प्रेशरच्या सेंडरचं (गेजला प्रेशर कळवणाऱ्या भागाचं) भोक थेट मेन गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेत जातं. सेंडर काढून तिथे पाइप जोडा. तेल आधी उन्हात ठेवा, पातळ झालं की सहज सरकतं. पंपावर लिहिलेल्या प्रेशरपेक्षा जास्त हवा भरू नका. प्लग काढून ठेवा, एकाने तेल ढकलायचं आणि दुसऱ्याने हँडलने क्रँक अगदी सावकाश फिरवायचा. क्रँकची भोकं समोर येतील तसं कॉनरॉडच्या बेअरिंगांपर्यंत तेल पोचतं. टॅपेट कव्हर उघडंच ठेवा. रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या वरच्या दांड्यांवर) तेल पाझरताना डोळ्यांनी दिसलं पाहिजे, तोवर थांबू नका. घाई केली तर दहा मिनिटांत आटोपतं, पण मी अर्धा तास देतो.

फिल्टरही तेलाने भरून लावा. चेंबरमध्ये पावणेचार लिटर बसतं, फिल्टरसह साधारण पावणेपाच. पहिल्या खेपेला साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घाला.

मग प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची वायर काढून, पंधरा-पंधरा सेकंद सेल्फ मारा. मध्ये सेल्फ गार होऊ द्या. गेजचा काटा उचलला की प्लग लावा. त्याआधी गेज दुसऱ्या चालू गाडीवर तपासून घ्या, मी तेव्हा तेच केलं नव्हतं. आणि चार-पाच वेळा सेल्फ मारूनही काटा जागचा हलला नाही, तर पंपाला दोष देण्याआधी चेंबरमधल्या तरंगत्या जाळीचं गॅस्केट बघा. तिथून पंप हवा ओढत असेल तर व्हॅसलीनही उपयोगाचं नाही.

गाडी चालू झाल्यावर पाच-सहा सेकंदांत काटा वर आला नाही तर लगेच बंद करा. आला तर पहिली वीस मिनिटं आयडलवर ठेवू नका. दीड ते दोन हजार आरपीएमवर ठेवा, कमी-जास्त करत. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर त्यांना उडणारं तेल त्या वेळी जास्त लागतं. रेडिएटरवर लक्ष ठेवायला वडिलांना जवळ उभं करा.