इंटरव्ह्यूत उत्तर तिलाच देऊ द्या

मस्कतहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी मुलुंडला आजीकडे राहून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. अल्पदृष्टी आहे. चष्म्याने भागत नाही, पुस्तक नाकाशी धरून वाचते, परीक्षेला लेखनिक घेते. कॉलेजात आता कंपन्या यायला लागल्यात. आई विचारतात, "बायोडेटात हे लिहायचं की लपवायचं? आणि आम्ही एवढ्या लांबून करायचं तरी काय?"

ताई, लपवायचं नाही. हे मी सहज म्हणत नाही. कॉलेजात शिकवत असताना नऊ वर्षं मी प्लेसमेंटचं काम पाहिलं. न सांगता नोकरीला लागलेली मुलं महिन्याभरात अडखळताना पाहिलीत आणि "आधी का नाही सांगितलंस?" हे वाक्य त्यांच्या पदरी पडलेलं ऐकलंय. तरीही बायोडेटात आजाराचं नाव आणि टक्केवारी लिहून थांबू नका. ती काम कसं करते ते लिहा. 'अल्पदृष्टी आहे, स्क्रीन मॅग्निफायर वापरून एक्सेल आणि टॅलीवर काम करते' एवढी एक ओळ पुरे.

मात्र खरी परीक्षा कागदावर होत नाही. एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका मुलाचे वडील खास रजा काढून परदेशातून आले होते आणि त्याच्यासोबत आत येऊन बसले. कंपनीच्या माणसाने मुलाला विचारलं, "सलग किती वेळ स्क्रीनसमोर बसू शकतोस?" मुलाने तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "सर, तो खूप मेहनती आहे, तुम्ही काळजी करू नका." त्या माणसाने खुर्ची थोडी वळवली. पुढचे तिन्ही प्रश्न त्याने वडिलांनाच विचारले. मुलगा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसला होता. त्याची निवड झाली नाही, आणि वडिलांना कारण शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या मायेत काही खोट नव्हती, पण त्या दहा मिनिटांत समोरच्याने मुलाचा आवाजच ऐकला नाही.

त्याच वर्षी एक मुलगी आली. तिलाही अल्पदृष्टी होती. मुलाखत घेणाऱ्यांच्या पाठीमागे मोठी खिडकी होती आणि ऊन थेट तिच्या डोळ्यांवर येत होतं. ती बसायच्या आधीच म्हणाली, "सर, उजेड डोळ्यांवर येतोय, मी या बाजूच्या खुर्चीवर बसू का?" बसली, लॅपटॉप उघडला, विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबून अक्षरं तिप्पट केली आणि विचारलेली बेरीज करून दाखवली. तिला काय लागतं आणि त्याला खर्च किती, दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळाली. मॅग्निफायर विंडोजमध्ये मुळातच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत.

तुमच्या मुलीकडून हीच तयारी करून घ्या. तीन वाक्यं तिला स्वतःच्या शब्दांत घोटून पाठ हवीत: मला काय दिसतं, काय दिसत नाही, आणि कामासाठी मला काय लागेल. "मोठा मॉनिटर आणि छापील कागदाऐवजी फाइल दिलीत की पुरे." दयेची भाषा नको, "मी कुठेच कमी नाही" असा आवेशही नको. फोनवर मॉक इंटरव्ह्यू घ्या, पण तुम्ही घेऊ नका. ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याला घ्यायला सांगा. आईसमोर मुलं अर्धं वाक्य बोलतात, उरलेलं आई समजून घेते. कंपनी घेणार नाही.

कंपनीच्या ऑनलाइन परीक्षेबद्दल आधीच बोलावं लागेल, कारण मुलं सगळ्यात जास्त तिथेच गळतात. पुष्कळ परीक्षांचं सॉफ्टवेअर दुसरा कोणताही प्रोग्राम चालू देत नाही, आणि मॅग्निफायर त्यातच अडकतो. आलेख-तक्त्यांवरचे प्रश्न चित्राच्या रूपात असतात. ते मोठे केले की आकडे पुसट होतात. म्हणून परीक्षेची तारीख कळली की त्याच दिवशी एचआरला मेल गेला पाहिजे, आणि तो तिच्या नावाने, तिने लिहिलेला. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत दर तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. खासगी कंपनीची चाचणी त्याच चौकटीत बसेल असं नाही, पण मागताना हा आधार सांगता येतो.

आता कागदपत्रं. हे काम पुढे ढकलू नका. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज आजच भरा. पुढची तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि तारखा लांबतात. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं आरक्षण लागू होतं: सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. बँकांच्या भरतीसाठीच्या आयबीपीएस परीक्षेतही राखीव जागा असतात आणि वयात 10 वर्षांची सूट मिळते. खासगी कंपन्यांवर मात्र अशा कोट्याची सक्ती नाही. हा गैरसमज घराघरांत आहे, आणि मग मुलं हक्काची जागा समजून जातात आणि हिरमुसून परततात. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी संस्थेला 'समान संधी धोरण' जाहीर करावं लागतं; मुलाखतीला जाण्याआधी ते वाचा. ज्या कंपनीला ते विचारल्यावरही सापडत नाही, तिथे काय वातावरण असेल याचा अंदाज येतो.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. तुमच्या मुलीचा पासपोर्ट भारताचा आहे असं पत्रावरून दिसतं, तेव्हा सरकारी वाट तिला मोकळी आहे. अमेरिका-इंग्लंडमधल्या ज्या वाचकांची मुलं ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाची पण परदेशी नागरिक, आहेत, त्यांनी मात्र सरकारी नोकरीवर आशा ठेवून वर्षं घालवू नयेत. सरकारी नोकरीतला समान संधीचा हक्क ओसीआय कार्डावर मिळत नाही. खासगी नोकरीला अडचण नाही.

कागद पक्के असूनही वाट अडते, हे प्रांजल पाटील यांच्याबाबतीत सगळ्यांनी पाहिलं. उल्हासनगरच्या या मुलीची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत आणि पुढे सेंट झेवियर्समध्ये त्या शिकल्या. यूपीएससीच्या 2015च्या परीक्षेत 773वा क्रमांक येऊनही रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना दृष्टिहीन म्हणून घेतलं नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, 124वा क्रमांक आला, आयएएस झाल्या. तुमच्या मुलीने आयएएस व्हावं असं मी म्हणत नाही. निवडीनंतरही नकार येऊ शकतो आणि तो अंतिम नसतो, एवढं तिला माहीत असावं.

माणसं कुठे भेटतील? कॉलेजच्या प्लेसमेंट सेलवर सगळी मदार ठेवू नका. एका कॉलेजात मी स्वतः पाहिलंय, "त्यांना उगाच त्रास नको" म्हणून दिव्यांग मुलांची नावं कंपनीच्या यादीत घातलीच नव्हती. मुलांना विचारलंही नव्हतं. मी त्या दिवशी फार भांडले, आणि आजही त्याची आठवण झाली की राग येतो. म्हणून मुलीला सांगा, यादीत आपलं नाव आहे का हे स्वतः जाऊन पाहायचं.

सायनला एटीआय या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात दिव्यांगांसाठी राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. तिथे नाव नोंदवा. वरळी सी फेसला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे. धोबी तलावला झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर 2003पासून आहे. तिथे तिला तिच्यासारखी, दोन-चार वर्षं पुढे गेलेली मुलंमुली भेटतील. कोणत्या कंपनीत साहेब समजूतदार आहे, कुठे कॅन्टीन तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, ही खरी माहिती त्यांच्याकडेच असते. रोजगार मेळाव्याला जाण्याआधी या मुलांशी तासभर बोलणं मला जास्त मोलाचं वाटतं.

आणि कंपनीला भेटायचं म्हणजे थेट नोकरीच मागायची असं नाही. मुलुंड-ठाण्यात तुमच्या ओळखीचे सीए असतीलच. मे महिन्यात सहा आठवडे त्यांच्या ऑफिसात बसू द्या. व्हाउचर तपासायचे, जीएसटीच्या नोंदी करायच्या. चुकेल, ओरडा खाईल, फाइल मोठ्या अक्षरात मागायला शिकेल. बायोडेटात ती सहा आठवड्यांची ओळ कंपन्या वाचतात.

प्रवासाची तालीमही याच काळात उरकून घ्या. आजी तिला कॉलेजला सोडायला जातात असं तुम्ही लिहिलंय. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा आहे, तो येतो तिथे प्लॅटफॉर्मवर बीप वाजतो. पण सकाळी साडेआठला त्या डब्यातही धडधाकट माणसं घुसलेली असतात. हे तिने आधी एकटीने अनुभवलेलं बरं. पहिले चार दिवस आजींनी पुढच्या डब्यातून जावं, पाचव्या दिवशी घरी थांबावं. हे आजींना जड जाईल, त्यांची समजूत तुम्हीच घालायची.

लांबून करण्यासारखं तुमच्याकडे पुष्कळ आहे, ताई. चांगला मॉनिटर घेऊन द्या. अर्जांच्या तारखांचा तक्ता तिच्यासोबत बसून करा, भरायचा मात्र तिने. डिसेंबरात सुट्टीला याल तेव्हा दोन दिवस सायन, वरळी आणि धोबी तलावसाठी राखून ठेवा. लग्नाच्या आमंत्रणांतून ते आधीच बाजूला काढा. तिथे तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. आत काय बोलणं झालं ते संध्याकाळी तिने सांगावं, आणि तिने जेवढं सांगितलं तेवढंच ऐका.