रिकाम्या खान्यात काय होतं?

तू पाठवलेली एलायझाची, म्हणजे सॅम्पलमध्ये एखादं प्रोटीन किती आहे ते मोजणाऱ्या चाचणीची, शीट काल रात्री बघितली. काम मनापासून केलंयस, ग्राफ पण छान आलेत, पण मी अडकलो ते मधल्या त्या चौदा रिकाम्या खान्यांपाशी. ते रिकामे का आहेत? रीडिंग घेतलंच नाही, की घेतलं पण किटच्या डिटेक्शन लिमिटच्या खाली गेलं, म्हणजे किटला मोजता येईल त्याहून कमी निघालं, की सॅम्पल खराब झालं म्हणून काढून टाकलं? तिन्हींचा अर्थ वेगळा, आणि शीट बघून कुणालाच ते कळणार नाही.

हे एवढं लावून धरतोय कारण मी यात पोळलोय. पीएचडीच्या वेळी आधीच्या सिनियरचा डेटा माझ्याकडे आला, पेशंटच्या सीरमचा, आणि त्यात अशाच मोकळ्या जागा. त्याला मेल केला, त्याने त्याच दिवशी उत्तर दिलं की खरंच आठवत नाही रे. परत मोजावं तर सीरम संपलेलं. आजारी माणसांनी सुई टोचून घेऊन रक्त दिलं होतं आणि एक ओळ कुणी लिहिली नाही म्हणून ते आकडे वापरता आले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून डेटाच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेव. कुठला कॉलम म्हणजे काय, युनिट पिकोग्रॅम की नॅनोग्रॅम, रिकामं म्हणजे काय, प्लेटचा लेआउट म्हणजे कुठल्या जागी कुठलं सॅम्पल, आणि अँटिबॉडीचा कॅटलॉग नंबर अन् लॉट नंबर, म्हणजे ती कुठल्या खेपेतली, तो पण. लॉट नंबर बरेच जण सोडून देतात, पण लॉट बदलल्यावर सिग्नल बदललेला मी स्वतः बघितलाय. हे सगळं त्याच दिवशी लिहायचं, पेपर लिहायला बसल्यावर नाही, तोवर निम्मं डोक्यातून गेलेलं असतं. मशीनमधून आलेल्या रॉ फाइलला हात लावू नकोस, कॉपी करून त्यावर काम कर. आणि जीनची यादी एक्सेलमध्ये उघडताना तो कॉलम आधी टेक्स्ट कर, नाहीतर एक्सेल सेप्ट२ या जीनला २ सप्टेंबर करून टाकतं. हा त्रास इतका झाला की २०२० मध्ये जीनची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली, आता तो सेप्टिन२ आहे. बॅकअप तीन ठिकाणी, त्यातलं एक लॅबच्या बाहेर, यावर जास्त बोलत नाही.

आता शेअरिंगचं. ड्राफ्टमध्ये तू लिहिलंयस की डेटा मागितल्यास दिला जाईल. सगळेच लिहितात, पण २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं लिहिणाऱ्या १७९२ पेपरच्या लेखकांना खरोखर डेटा मागितला तर ९३ टक्क्यांनी उत्तरच दिलं नाही किंवा नाही म्हटलं. ते वाक्य काढ. सीक्वेन्सिंगचा डेटा जिओ (GEO) या जीनच्या डेटाच्या सार्वजनिक साठ्यात टाक, बाकीचं झेनोडोवर, तो कुठल्याही संशोधनाच्या फाइलींसाठीचा खुला साठा, तिथे डीओआय म्हणजे डेटाचा कायमचा ओळख क्रमांक मिळतो, म्हणजे दुसऱ्याने वापरलं तर श्रेय तुझ्याकडे येतं. कुणी आपल्या आधी छापेल ही तुझी भीती मला कळते, पण जिओमध्ये पेपर येईपर्यंत डेटा प्रायव्हेट ठेवता येतो. आणि प्रोटीनच्या स्ट्रक्चरचा खुला साठा असलेली प्रोटीन डेटा बँक बघ ना, १९७१ मध्ये जेमतेम ७ स्ट्रक्चर घेऊन सुरू झाली, आज २ लाखांच्या वर आहेत, प्रोटीनचा आकार ओळखणारं एआय अल्फाफोल्ड शिकलं ते त्याच्यावरच. ती स्ट्रक्चर टाकणाऱ्यांना तेव्हा याची कल्पना तरी असेल का?

पेशंटच्या डेटाला मात्र घाई नको. नाव काढलं म्हणजे झालं असं नाही, जन्मतारीख, ॲडमिशनची तारीख, दुर्मिळ आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो, आणि जीनोम तर स्वतःच ओळख आहे. आधी संमतीपत्रात काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाच, एथिक्स कमिटीला विचार, आणि असा डेटा सगळ्यांना उघडा न ठेवता डीबीगॅप (dbGaP) सारख्या राखीव साठ्यात ठेवायचा, जिथे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. पेशंटचा कोड आणि नाव जोडणारी यादी तर कधीच त्याच फोल्डरमध्ये नको.

तुझ्या त्या प्लेट ज्याने रीड केल्या तो या महिन्याच्या शेवटी लॅब सोडतोय ना? उद्या सकाळीच त्याला शीट घेऊन गाठ, चौदाच्या चौदा खाने विचार, आणि तो बोलत असतानाच लिहून घे.