साइट अबुधाबीत, कंपनी मुंबईची

प्रश्न : माझे मिस्टर मुंबईच्या एका बांधकाम कंपनीत शटरिंग फोरमन आहेत, वय 40. कंपनीने त्यांना अबुधाबीच्या साइटवर पाठवलं होतं. जानेवारी 2025 मध्ये परांचीवरून पडून त्यांचा घोटा मोडला. उपचार झाल्यावर परत पाठवलं. पाय आता नीट वाकत नाही, शिडी चढवत नाही. एचआर म्हणतं, “अपघात परदेशात झाला, इथला कायदा लागू नाही.” निघताना ‘काही येणे नाही’ अशा कागदावर सहीही घेतली. तिथे रोज बारा तास काम होतं, ओव्हरटाइम मिळाला नाही. काही करता येईल का?
– एक वाचक, ठाणे जिल्हा

उत्तर : ताई, एचआरचं हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या अशिलांनी ऐकलेलं असतं. ते अर्धं खरं आहे, म्हणून खपतं.

खरं अर्ध आधी. कामाचे तास आणि ओव्हरटाइम हे जिथे काम, तिथल्या कायद्याने ठरतं. देशाबाहेर लागू होईल असा कायदा संसद करू शकते, पण आपल्या बहुतेक कामगार कायद्यांत हद्द ‘संपूर्ण भारत’ एवढीच लिहिलेली असते. त्यामुळे कारखान्यातला दुप्पट ओव्हरटाइम अबुधाबीच्या साइटसाठी मागता येत नाही. तिथला कायदा दिवसाला आठ तास धरतो आणि जादा तासांना मूळ पगाराच्या दराने 25 टक्के वाढीव, रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत 50 टक्के. ही तक्रार तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे करायची. हजेरीच्या नोंदींचे मोबाइलवर फोटो असतील तर जपून ठेवा.

भरपाईची गोष्ट मात्र वेगळी. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात, भारतात नोंदलेल्या कंपनीने परदेशातल्या कामासाठी भरती केलेला माणूस व्याख्येतच घेतलेला आहे. बांधकामही त्याच्या यादीत येतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून हिशेब जुन्या कायद्याने.

तो असा. पगार कितीही असो, महिन्याला 15,000 रुपयेच धरतात. (दिरहममध्ये कमावणाऱ्यांना हे वाचून झटका बसतो, पण तसंच आहे.) त्याचे 60 टक्के 9,000. कायद्याच्या तक्त्यात वयानुसार गुणांक दिलेला असतो, चाळिशीचा 184.17. गुणाकार 16,57,530. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. तुमच्याकडे अंशतः अपंगत्व, म्हणजे कमाईची क्षमता जितके टक्के गेली, तितके टक्के. डॉक्टरांनी 20 टक्के लिहिलं तर 3,31,506. सगळा खेळ त्या टक्क्यांवर आहे. म्हणून दाखल्यावर ‘घोट्याचं फ्रॅक्चर’ एवढंच नको. शिडी चढता येत नाही, परांचीवर उभं राहता येत नाही, हे फोरमनच्या कामाशी जोडून लिहून घ्या. नुसतं एक्सरे बघून दिलेला दाखला उलटतपासणीत टिकत नाही.

तिथल्या कायद्याने काही भरपाई मिळाली असेल तर ती यातून वजा होईल. लपवू नका, कंपनी पहिल्याच तारखेला ती पावती काढेल.

सही केलेल्या कागदाची धास्ती सोडा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम 17 प्रमाणे रद्दबातल असतो.

आता नेमणूकपत्र काढा आणि पहिल्या पानाचा माथा बघा. मुंबईच्या कंपनीचं लेटरहेड आणि खाली ‘पदस्थापना : परदेशी प्रकल्प’ असं काही असेल तर पाया पक्का. पत्र तिथल्या वेगळ्या कंपनीचं असेल तर भरती मुंबईतून झाली हे ईमेल, तिकीट, पगाराच्या नोंदी यांवरून दाखवावं लागेल. अवघड, पण अशक्य नाही. पगारपत्रकात पीएफ कापलेला दिसला तर दुहेरी फायदा. एक तर ते मुंबईच्या हजेरीपटावर होते याचा तो पुरावा, आणि ती रक्कम यूएएन पासबुकात, म्हणजे त्यांच्या पीएफ खात्याच्या पासबुकात, जमा आहे का तेही कळेल.

अर्ज भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालतो, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे जानेवारी 2027 च्या आत. एचआरला स्मरणपत्रं पाठवत बसून ती घालवू नका. लेखी नोटीस एकदाच स्पीड पोस्टाने, नोंदणीसह, द्या आणि पोचपावती अर्जाला जोडा.