आधी ब्रश, मग पोहे

ताई, विशेष गरजा असलेल्या मुलाला दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवणारं ॲप कसं सुरू करायचं, असं विचारलंत ना? पहिल्याच दिवशी अख्खा दिवस ॲपमध्ये भरू नका. मी १६ चित्रं भरली होती. लेकाने तिसऱ्यालाच फोन भिरकावला. दोनच ठेवा: आधी ब्रश, मग पोहे. ते अंगवळणी पडलं की तिसरं.

फोटो स्वतःच्या घरातले काढा. ॲपमध्ये आंघोळीचं आयतं चित्र बाथटबचं होतं. बादली-मगवाल्या पोराला ते कसं कळणार? काम झालं की त्याचं चित्र मुलालाच बोटाने सरकवू द्या, खरी गंमत तिथे आहे.

'बदल' हे कार्ड, म्हणजे ठरलेलं बदललंय हे सांगणारं चित्र, मात्र लवकर शिकवा, तेही आवडत्या बदलाने: केळ्याऐवजी आइस्क्रीम. मग रविवारी मेगाब्लॉक लागला, दादरची लोकल सोडून बस धरावी लागली, की ते कार्ड कामी येतं. पावसाळ्यात तर विचारूच नका.

आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप मराठीतही आहे, पण ते मुलाला आपलं म्हणणं सांगता यावं म्हणून, वेळापत्रकासाठी नाही. माझी सुरुवातीला हीच गल्लत झाली. इंटरनेटशिवाय चालणारं ॲप बघा, आणि तीच चित्रं लॅमिनेट करून फ्रिजवरही लावा. बॅटरी संपते हो, नेमकी थेरपीला निघताना.