प्रश्नोत्तरे : रक्तपेशींची घडण आणि क्रियाशील ऑक्सिजन

प्रश्न : क्रियाशील ऑक्सिजन रेणू (आरओएस) पेशींची नासधूस करतात असं वाचलं होतं. मग रक्तपेशी घडायला ते लागतात, हे कसं?

उत्तर : दोन्ही खरं आहे. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल एकाच नावाखाली येतात, पण स्वभाव वेगळे. हायड्रॉक्सिल समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइड त्यामानाने सबुरीचा. तो प्रथिनांतल्या ठरावीक सिस्टीनशीच (गंधक असलेलं अमिनो आम्ल) क्रिया करतो आणि त्यामुळे एन्झाइमांचं काम बदलतं. संदेशवहन मुख्यतः त्याच्याकडे.

अस्थिमज्जेतल्या रक्त-मूलपेशी बहुतेक काळ स्वस्थ पडून असतात, ऊर्जा ग्लायकोलिसिसवर (ऑक्सिजनविना ग्लुकोज तोडणं) भागवतात आणि आरओएस कमी ठेवतात. ही पातळी चढली की त्या विभाजनाला लागतात आणि पुढच्या पेशी घडू लागतात. चढतीच राहिली तर मात्र मूलपेशींचा साठाच आटतो. २००४ साली एटीएम (डीएनएची हानी ओळखणारं) जनुक नसलेल्या उंदरांत नेमकं हेच दिसलं : आरओएस वाढलेले, अस्थिमज्जा निकामी होत गेलेली. एन-अॅसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे आरओएस उतरवणारं औषध, दिल्यावर मूलपेशींची क्षमता परतली. फळमाशीत २००९ साली उलटी बाजू समोर आली. तिथल्या रक्ताच्या पूर्वज पेशींत आरओएस मुळातच जास्त असतात. ते उतरवले की पुढची घडण रेंगाळते.

प्रश्न : म्हणजे अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी रक्त सुधारेल?

उत्तर : असा निष्कर्ष काढू नये. ते उंदीर जनुकीय दोषाचे होते. शिवाय एकेटी१ आणि एकेटी२ ही दोन्ही जनुकं नसलेल्या मूलपेशींत आरओएस फार कमी असतात आणि तिथे अडतं ते नेमकं पेशींच्या घडणीपाशीच.

प्रश्न : अस्थिमज्जेच्या पेशींत डीसीएफडीए रंगाने (पेशीत शिरून आरओएसमुळे ऑक्सिडीकरण झालं की डीसीएफ बनून चमकणारा रंग) फ्लो सायटोमीटरवर आरओएस मोजते, पण आकडे रोज वेगळे येतात. काय चुकत असेल?

उत्तर : आधी तांबड्या पेशींकडे बघा. त्या फोडल्यावर धुणं अपुरं राहिलं तर सुटलेलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) स्वतःच रंगाचं ऑक्सिडीकरण करतं. दुसरा संशयित सीरम. त्यातली एस्टरेझ एन्झाइमं, जी एरवी पेशीच्या आत रंग तोडतात, तो पेशीबाहेरच तोडतात, म्हणून रंग सीरमविरहित बफरमध्येच द्या. पेशींचे प्रकार ओळखायच्या अँटिबॉडी आधी, बर्फावर लावा. मग धुऊन ५ ते १० मायक्रोमोलर रंग, ३७ अंशांवर, अंधारात २० ते ३० मिनिटं. उजेडानेही हा रंग चमकू लागतो. डीसीएफ हिरव्या चॅनेलमध्ये दिसतो, तेव्हा तिथे एफआयटीसी (हाही हिरवाच चमकणारा रंग) जोडलेली अँटिबॉडी नको. रंगाचं मूळ द्रावण डीएमएसओ या द्रावकात करून लहान-लहान कुप्यांत गोठवा. एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवू नका.

दर वेळी तीन नमुने सोबत हवेतच : बिनरंगाचा, टर्ट-ब्यूटिल हायड्रोपेरॉक्साइड (ऑक्सिडीकरण वाढवणारं) दिलेला आणि एन-अॅसिटिलसिस्टीन दिलेला. शेवटच्या दोघांत फरक पडला नाही तर त्या दिवसाचे आकडे बाद.

एवढं करूनही मूलपेशींचा कमी आकडा लगेच खरा मानू नका. त्या आकाराने लहान असतात, शिवाय कित्येक रंग पंपांवाटे बाहेर टाकतात. ऑक्सिडीकरणाने न बदलणारा कार्बॉक्सी-डीसीएफडीए वेगळ्या नळीत लावा. त्याचाही संकेत मूलपेशींत तितकाच कमी आला, तर तुम्ही मोजलात तो रंगाचा शिरकाव, आरओएस नव्हे.