आडतीचा अनुभव आणि मुलीचे आकडे

आदरणीय पालक,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. कळमना बाजारात आपली संत्र्यांची आडत आहे, जोडीला मिरची साठवण्याचे शीतगृह आहे. मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकते, बहुनिकष निर्णयपद्धतींनी (म्हणजे अनेक निकष एकत्र तोलून निर्णय घेण्याच्या पद्धतींनी) व्यवसायातील जोखमी तोलण्याचा प्रकल्प करते आणि पुढे याच क्षेत्रात जाऊ इच्छिते. जोखीम अनुभवाने कळते, तक्त्याने नाही, असे आपण लिहिले आहे. या वाटेने नोकरी मिळेल का आणि लगेच एमबीए करावे का, असे विचारले आहे.

आधी आपल्या आक्षेपाविषयी. या पद्धती अनुभवाची जागा घेत नाहीत, त्याची उलटतपासणी करतात. थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या एएचपी या बहुनिकष पद्धतीत जाणकाराला एका वेळी दोनच गोष्टींची तुलना करायला सांगतात आणि उत्तर १ ते ९ या श्रेणीत घेतात. समजा, आपण म्हणालात की भाव कोसळण्याची जोखीम गाडी रस्त्यात अडकण्याच्या तिप्पट आहे आणि गाडी अडकण्याची जोखीम वीज जाण्याच्या दुप्पट. त्या हिशेबाने भाव कोसळणे वीज जाण्याच्या सहापट ठरायला हवे. पण थेट विचारल्यावर आपण ‘दुप्पट’ म्हणून गेलात, तर विसंगतीचे गुणोत्तर, म्हणजे उत्तरे एकमेकांशी किती जुळत नाहीत याचे माप, ०.१२च्या आसपास येते. ते ०.१०च्या वर गेले की तुलना पुन्हा तपासण्याचा प्रघात आहे. तपासताना कदाचित असे निघेल की पहिल्या प्रश्नाला आपल्या डोळ्यांसमोर आंबिया बहाराची आवक होती आणि शेवटच्या प्रश्नाला मे महिन्यातले मिरचीने भरलेले शीतगृह. हे आपल्याला ठाऊक होतेच, फक्त कोणी विचारले नव्हते.

एका बाबतीत मात्र आपला संशय रास्त आहे. कारखान्यांत तीव्रता, शक्यता आणि वेळेत लक्षात न येण्याचा संभव यांना १ ते १० गुण देऊन त्यांचा गुणाकार करण्याची रीत आहे. शीतगृहातील अमोनियाच्या गळतीला १०, २ आणि ५ गुण दिले आणि माल चढवता-उतरवताना चार क्रेट फळ दबण्याला २, १० आणि ५, तर दोन्हींचे उत्तर १००च येते. जिथे माणसाचा जीव आहे तिथे दुसऱ्या निकषावरची बचत त्याची भरपाई करू शकत नाही. म्हणूनच फ्रान्सच्या बर्नार रॉय यांच्यापासून सुरू झालेल्या इलेक्ट्रे या बहुनिकष पद्धतींच्या परंपरेतील काही पद्धतींत एखाद्या निकषाला नकाराधिकार देण्याची सोय आहे, म्हणजे त्या निकषावर पर्याय फारच वाईट असेल तर बाकीचे गुण त्याला वाचवू शकत नाहीत. हा फरक मुलीला उदाहरणासह सांगता आला, तर तिला विषय कळला आहे. टॉपसिस या दुसऱ्या बहुनिकष पद्धतीचे सूत्र एक्सेलमध्ये बसवणे हे दोन दिवसांचे काम आहे. माझ्याकडे चाळीस-चाळीस पानांचे असे प्रकल्प येतात, ज्यांतील निकषांचे सगळे भार (कोणता निकष किती महत्त्वाचा, ते आकडे) विद्यार्थ्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी वसतिगृहात बसून ठरवलेले असतात.

नोकरीच्या जाहिरातीत या पद्धतींची नावे क्वचितच दिसतात. पदे असतात ती बँकेतील पत जोखीम (कर्ज बुडण्याची जोखीम), विमा, अंतर्गत लेखापरीक्षण आणि पुरवठादारांचे मूल्यमापन यांची. सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याच्या क्रमाने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना जोखीम व्यवस्थापन समिती नेमावी लागते, आणि त्या समितीपुढे जाणारी जोखमींची क्रमवारी कोणाला तरी तयार करावी लागते. मुलीसाठी काम तिथे आहे.

एमबीए आत्ता नको. आपल्याच विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करावी, त्यासोबत आर किंवा पायथन ही संगणकभाषा आणि ताळेबंद वाचणे शिकावे, मग दोन वर्षे नोकरी करावी. त्यानंतर मिहानमधील आयआयएमसारख्या संस्थेचा विचार केल्यास वर्गातल्या चर्चेत तिच्याकडे सांगण्यासारखे काही असेल. एफआरएम या वित्तीय जोखीम व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची दोन भागांची परीक्षा बँक किंवा वित्तसंस्थेत जायचे पक्के झाल्यावरच द्यावी.

प्रकल्प जमा करण्यापूर्वी एका संध्याकाळी, लिलाव आटोपल्यावर, तिला आपल्या पेढीवर बसू द्यावे. आपण, दिवाणजी आणि शीतगृहाचा ऑपरेटर या तिघांना तिने तेच प्रश्न वेगवेगळे विचारावेत. दिवाणजींच्या वेळी आपण कृपया बाहेर चहाला जावे, कारण मालक समोर असला की ते आपल्याच आकड्याला मान डोलावतील.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नागपूर